मार्क ट्वेन वाशिंदवरून गेला त्याची गोष्ट

"मोठी माणसं स्वतः उत्तर देत नाय बाई. त्याच्यासाठी त्यांनी पगारी माणसं ठेवलेली असतात," कुंपणापलीकडून काकी म्हणाल्या आणि वालाची डाळिंबी चिमटीत धरून पातेल्यात टाकली. सालं परातीत पडत होती. शेजारी व्हीलचेअरवर त्यांची नात मान वाकडी करून मोबाइलवर एका बोटानं काहीतरी लिहीत होती. कुणातरी मोठ्या माणसाला पत्र लिहायचंय, एवढंच तिनं घरी सांगितलेलं. कुणाला, ते नाही.

"गायक असंल नाय तर क्रिकेटवाला," काकींचा अंदाज. "पण पडघ्यातून आलेलं पत्र कोण वाचतंय?"

"पडघ्याला असं कमी लेखू नका काकी. २०२० च्या ऑक्टोबरात अख्खी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा दिवसभर टीव्हीवर काय चाललेलं? कळवा-पडघा लाइन, कळवा-पडघा लाइन."

"ते बदनामीचं झालं."

"बदनामी तर बदनामी, नाव तर कळलं! आणि हेलन केलरचं गाव तरी कुठं मोठं होतं? तुस्कंबिया. अमेरिकेतल्या अलाबामातलं लहानसं गाव. तिथली सात वर्षांची पोर पत्रं लिहायला लागली आणि पुढं देशातली बडी बडी माणसं तिच्या टपालाची वाट बघायला लागली."

मोबाइलवरचं बोट थांबलं. पोर ऐकत होती.

"ती आंधळी-बहिरी ना? पंपाखाली हात धरून पाणी शिकली ती?" काकींना सिनेमा आठवला.

तीच. माझी एक तक्रार आहे. सगळे सिनेमे, सगळे धडे त्या पंपाशी येऊन संपतात. हातावर पाणी पडलं, मास्तरीणबाईंनी तळव्यावर अक्षरं काढली, पोरीला शब्द कळला, टाळ्या. जन्म १८८० चा, एकोणीस महिन्यांची असताना आजार झाला, नजर गेली, कान गेले, आणि मार्च १८८७ मध्ये ॲन सलिव्हन घरी आली; इथवर सगळ्यांना पाठ. खरी मजा त्यानंतर आहे, आणि ती टपालात आहे. कागदाखाली खाचांची पाटी ठेवायची, खाचेत पेन्सिल धरायची आणि डाव्या हाताच्या बोटानं अक्षर कुठं आलं ते चाचपत चौकोनी अक्षरं काढायची. पहिलं पत्र त्याच वर्षीच्या जूनमधलं. मग जी सुटली! ऑलिव्हर वेंडल होम्स हा कवी, व्हिटिअर हा दुसरा कवी, बोस्टनचा पाद्री फिलिप्स ब्रूक्स, आणि टेलिफोनवाला ग्रॅहॅम बेल. होम्सनं तर तिचं एक पत्र आपल्या 'ओव्हर द टीकप्स' पुस्तकात छापूनच टाकलं.

"टेलिफोनवाल्याला पत्र कशाला लिहायचं? फोन करायचा," काकी म्हणाल्या.

"बहिरी होती ना ती."

"हां. ते इसरलेच."

बेलची ओळख त्याआधीची. सहा वर्षांच्या पोरीला घेऊन बाप वॉशिंग्टनला त्याच्याकडे गेला. फोनचं पेटंट १८७६ चं, म्हणजे बेल तेव्हा चांगलाच नावाजलेला. त्यानं पोरीला मांडीवर घेतलं, खिशातलं घड्याळ तिच्या हातात दिलं आणि टोले वाजवून दाखवले. कानांना काय कळणार, पण बोटांना थरथर कळली. शिक्षिकेसाठी पर्किन्सच्या अंधशाळेला लिहा, असं बापाला सांगितलं ते यानंच. हा टेलिफोनवाला स्वतःला आधी बहिऱ्यांचा मास्तर म्हणवायचा. आई कमी ऐकणारी, बायको बहिरी. बहिऱ्यांनी हातवाऱ्यांची भाषा सोडून तोंडानंच बोलावं, असा मात्र त्याचा हट्ट, आणि त्या हट्टापायी बहिरी मंडळी आजही त्याच्यावर चिडून असतात. बरोबरच चिडतात, माझ्या मते. पण या एका पोरीशी तो तासन् तास बोटांनीच बोलायचा. १८९३ मध्ये तिला नायगारा दाखवायला नेलं. दाखवायला म्हणजे, धबधब्याजवळच्या हॉटेलात खिडकीच्या काचेवर तिनं हात ठेवला आणि पाणी कसं धावतंय ते काचेतून वाचलं. दहा वर्षांनी तिचं 'माझी जीवनकहाणी' छापून आलं ते यालाच अर्पण केलेलं.

"लग्नाचं काय झालं तिच्या?"

काकींचा हा प्रश्न येणारच होता. हाच प्रश्न बेललाही पडला होता. तो एकदा तिला म्हणाला, तुला दिसत नाही, ऐकू येत नाही म्हणून लग्न आपल्यासाठी नाही असं धरून चालू नकोस. ती म्हणाली, माझ्याशी लग्न म्हणजे पुतळ्याशी लग्न, कोण करणार? आणि पुढं १९१६ मध्ये बाई छत्तीस वर्षांची असताना तिच्या सेक्रेटरीवर तिचा जीव जडला. पीटर फेगन त्याचं नाव. दोघांनी गुपचूप बोस्टनच्या कचेरीत लग्नाचा परवाना मागितला. ते पेपरवाल्यांना कळलं. छापून आलं. आईनं पेपर वाचला…

"आणि हाकलला असंल त्याला."

"हाकलला."

"आया सगळीकडं सारख्याच," काकी म्हणाल्या. यात कौतुक होतं की खंत, मला कळलं नाही. नातीनं मात्र एकदा आजीकडं बघितलं आणि पुन्हा स्क्रीनकडं.

आता तिचा आणखी एक दोस्त, ट्वेन. काकींना मी सांगितलं, हा माणूस आपल्या वाशिंदवरून गेलाय. त्यांनी वाल सोलायचे थांबवले. मार्क ट्वेन, विनोदी लिहिणारा, झुपकेदार मिशा, पुढं पांढऱ्या सुटातला म्हणून ओळखला गेलेला. पुस्तक-प्रकाशनाच्या आणि टाइप जुळवायच्या यंत्राच्या धंद्यात पैसे घालून १८९४ मध्ये कफल्लक झाला. म्हातारपणी कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत निघाला आणि जानेवारी १८९६ मध्ये मुंबईला उतरला. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात राहिला. ती लोखंडी सांगाड्याची इमारत अजून उभी आहे, आज तिच्याकडं बघवत नाही ते सोडा. मुंबईच्या कावळ्यांवर त्यानं इतकं खुमासदार लिहिलंय की वाटावं, कावळे याच्या आमंत्रणावरूनच खिडकीत जमले असतील. पुढं तो आगगाडीनं अलाहाबादला गेला. तेव्हा त्या गाड्या कल्याणवरून कसाऱ्याच्या घाटाकडं जायच्या. म्हणजे वाशिंदवरूनच गेला असणार.

"थांबला होता?"

"वाशिंदला? मेल गाडी ती, कशाला थांबतेय!"

"मग काय उपयोग," काकी पुन्हा वालाकडं वळल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, हा इंग्लंडात असताना, तिकडं अमेरिकेत त्याची लाडकी लेक सूझी मेंदूज्वरानं गेली. चोवीस वर्षांची. बापाला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. आणि नोव्हेंबरमध्ये लंडनहून या माणसानं एक पत्र लिहिलं, हेन्री रॉजर्सच्या बायकोला. रॉजर्स म्हणजे स्टँडर्ड ऑइलमधला बडा धनिक. ट्वेनचा कर्जाचा गुंता सोडवत होता तोही हाच. स्वतः कर्जात, घरात सुतक, आणि पत्रात विषय काय, तर हेलनच्या कॉलेजच्या खर्चाची सोय करा. त्याची तिची भेट दीड-दोन वर्षांपूर्वी न्यू यॉर्कमध्ये झालेली, ती चौदा वर्षांची असताना. त्याच्या ओठांवर बोटं ठेवून तिनं त्याचे विनोद ऐकले आणि बरोबर जागच्या जागी हसली. रॉजर्सनी पैसे दिले. १९०४ मध्ये ती रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाली. आंधळी-बहिरी माणूस पदवीधर झाल्याचं जगातलं ते पहिलं उदाहरण.

"म्हंजे मोठ्या माणसाशी दोस्ती केली की पैसा मिळतो," काकींनी हिशेब जुळवला.

तेवढ्यात मोबाइलची स्क्रीन माझ्याकडं वळली. तारेतून वाकून वाचलं. पोरीनं लिहिलं होतं: *तिनं त्यांना काय दिलं?*

बघा. एवढी वर्षं शाळेत शिकवलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तर ऐक. हेलनकडं एक मोठी कुत्री होती, तिचं नाव लायनेस. एका पोलिसानं ती गोळी घालून मारली. ही बातमी पेपरात आली तशी लोकांनी दुसऱ्या कुत्र्यासाठी पैसे पाठवायला सुरुवात केली. अमेरिकेतून, कॅनडातून, इंग्लंडमधून. हेलन तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिनं सगळ्यांना उलट पत्रं लिहिली: कुत्रं नको, तेच पैसे टॉमीला द्या. टॉमी स्ट्रिंगर, पाच वर्षांचा, तिच्यासारखाच आंधळा आणि बहिरा, आई नसलेला, फी भरायला बापाजवळ पैसा नसलेला. पत्रांमागून पत्रं लिहून, स्वतः सोडावॉटर पिणं सोडून तिनं पैसे जमवले, आणि टॉमी बोस्टनला पर्किन्सच्या शाळेत आला. म्हणजे टपाल एकीकडूनच येत नव्हतं.

"पैसा सोडा," मी म्हटलं, "भांडणात कोण उभं राहिलं ते बघा." आणि इथं मला जरा सावरून बसावं लागलं, कारण सगळ्यात झणझणीत प्रकरण हेच.

अकरा वर्षांच्या हेलननं 'द फ्रॉस्ट किंग' नावाची गोष्ट लिहिली आणि शाळेच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी कौतुकानं छापली. मग कुणीतरी दाखवून दिलं की मार्गारेट कॅन्बी नावाच्या बाईंची अशीच एक गोष्ट आधी छापलेली आहे. कधीतरी कुणीतरी ती गोष्ट हेलनच्या हातावर लिहून वाचून दाखवली असावी. ती विसरली, गोष्ट डोक्यात राहिली. झालं! शाळेनं चौकशी समिती बसवली. आठ मोठी माणसं, त्यांतली चार आंधळी, आणि समोर एक पोर. ॲनबाईंना खोलीबाहेर काढलं. दोन तास उलटतपासणी. मतं निम्मी-निम्मी पडली, संचालकांनी तिच्या बाजूनं मत दिलं आणि पुढं स्वतःच फिरले. हेलननं त्यानंतर पुन्हा म्हणून कधी गोष्ट लिहिली नाही. कुणालाही पत्र लिहिताना प्रत्येक वाक्याला थांबायची, हे माझंच आहे ना?

"आठ जणं एका पोरीवर! लाज नाय वाटली?"

अगदी हेच ट्वेन म्हणाला. १९०३ मध्ये तिचं पुस्तक वाचून, सतरा मार्चला त्यानं तिला पत्र लिहिलं. त्या आठ जणांना त्यानं असलं सोललंय की तुमचे वाल काय सोलाल! आणि पुढं स्वतःचीच चोरी सांगितली. फार वर्षांपूर्वी आजारपणात त्यानं होम्सच्या कविता पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या. नंतर स्वतःचं पुस्तक आलं, त्याची अर्पणपत्रिका जवळजवळ शब्दशः होम्सचीच निघाली, आणि याला पत्ताच नाही. कळल्यावर होम्सला पत्र लिहून माफी मागितली. होम्स हसला आणि म्हणाला, आपण सगळेच नकळत हे करतो. होम्स म्हणजे तोच, हेलनचं पत्र छापणारा. ट्वेनचं म्हणणं असं की माणसाच्या तोंडून निघणारं जवळजवळ सगळंच कुणाचं तरी आधीचं असतं.

मला हे पत्र फार आवडतं, कारण यात बिच्चारी कुठंच नाही. एक लेखक दुसऱ्या लेखकाशी धंद्याचं बोलतोय. तुझ्यावर चोरीचा आळ आला? ये, माझी चोरी सांगतो. हेलननंही १९२९ च्या 'मिडस्ट्रीम'मध्ये तसंच लिहिलंय, की त्यानं मला कधी जत्रेतल्या तमाशासारखं वागवलं नाही.

जानेवारी १९०९ मध्ये ती त्याच्या घरी राहायला गेली. झोपायला जाताना त्यानं तिला खोली समजावून दिली, आणि काही लागलं तर इकडं सिगार आहेत, इकडं व्हिस्की आहे असंही सांगितलं.

"बाईमाणसाला?" काकी ओरडल्या.

नात हसली. तिचं हसणं मोठं आणि एकदम येतं, मान मागं जाते, गोदामांकडं जाणाऱ्या ट्रकच्या हॉर्नवरही ऐकू येतं. काकी तिच्या हनुवटीवर पदर टेकवत म्हणाल्या, "हिला सगळं कळतंय हां बाई."

कळतंयच. परवा एक पाहुणे आलेले, मी कुंपणाशीच होते. त्यांनी पोरीकडं बघत काकींना विचारलं, "ही चहा घेते का?" पोर समोर, हातात मोबाइल, नववीत शिकणारी, गणितात त्या पाहुण्यांच्या मुलाहून पुढं. तिनं टाइप केलं, 'साखर कमी,' आणि स्क्रीन वर धरली. पाहुण्यांनी वाचलं आणि पुन्हा काकींना विचारलं, "कमी म्हणजे किती?"

मुंबईच्या मालिनी चिबही अशाच एका बोटानं लिहितात. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटीची शाळा काढली ती लेकीला कुठं शाळा मिळेना म्हणूनच. मालिनींनी २०१० मध्ये आत्मचरित्र लिहिलं, नावच 'वन लिटल फिंगर'. हेलनच्या नावाची संस्थाही लांब नाही. बेरोज वाच्छा यांनी १९७७ मध्ये मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट काढली, बहिऱ्या आणि आंधळ्या-बहिऱ्या मुलांसाठी. आता महापेलाही आहे. इथून भिवंडी, कल्याण, शीळफाटा. ट्रॅफिक नसेल तर.

"ट्रॅफिक नसंल तर!" काकी. "पण बाई, ते गोरे झाले. आपल्यात कोण उत्तर देतं?"

नारळीकर द्यायचे की. जयंत नारळीकर, आकाशातल्या ताऱ्यांचे. पोरं सही मागायला गेली की म्हणायचे, सही नाही, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल. आणि यायची. पोस्टकार्ड पन्नास पैशांचं. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. नुसतं 'मी तुमचा चाहता' म्हणणाऱ्याला काय उत्तर देणार? प्रश्न आला की माणसाला बसावं लागतं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. ती कार्डं मात्र कुणाकुणाच्या घरी जपून ठेवलेली असणार.

आणि पोस्टाचं आणखी एक सांगते, वाचायला येत असूनही फारसं कुणी वाचत नाही असं. अंधांसाठीच्या ब्रेलमधल्या पाकिटाला आपल्या पोस्टात तिकीट लागत नाही, सात किलोपर्यंत. सात किलो! एवढ्यात हेलनचं वर्षभराचं टपाल मावलं असतं.

"आमच्या हिला दिसतंय की."

"म्हणून तर तिकीट लावा म्हणते."

पोरीनं पत्र पुरं केलं होतं. आजीला दाखवायच्या आधी मला दाखवलं. वाचलं. पत्र एका गायिकेला होतं. कोणत्या, ते मी सांगणार नाही, तिला वचन दिलंय. व्हीलचेअरचा उल्लेख नाही, आजाराचा नाही, 'माझ्यासाठी प्रार्थना करा' तर नाहीच. लिहिलं होतं की तुमच्या अमुक गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात एक ओळ तुम्ही रेकॉर्डमध्ये एक गाता आणि कार्यक्रमात दुसरी. दोन्हींत कोणती बरोबर? मला रेकॉर्डमधली चुकीची वाटते. कारण खाली देत आहे. आणि खाली खरंच कारण होतं, चार ओळींचं, मुद्देसूद.

काकींना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी परात बाजूला सारली.

"अगं, मोठ्या माणसाची चूक काढतात? आणि तू खुर्चीत असतेस ते लिहिलंस नाय? ते वाचून तरी देतील ना उत्तर!"

पोरीनं डोकं हलवलं. नाही.

"बाई, तुम्ही तरी सांगा हिला."

मी कशाला सांगू? मी म्हटलं, जोडाक्षर एक चुकलंय, तेवढं नीट कर. तिनं केलं. मग काकींनी आणखी एक घोळ घातला: शेवटी 'आजीचा नमस्कार' तरी लिही म्हणाल्या. पोरीनं लिहिला. काकींनी चष्मा लावून बघितलं, आणि म्हणाल्या, "पडघा पण लिही. नाय तर त्यांना वाटंल भिवंडीची हाय."